हक्काचे ते न मागता मिळावे : थायलंडमधील अपघातग्रस्त गाड्यांच्या विमा-दुरुस्तीबाबत मागणीपत्र

प्रति,
माननीय महासचिव,
विमा आयोग कार्यालय, रत्चादापिसेक मार्ग, बँकॉक

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी : थायलंडमधील साधारण विमा कंपन्यांची संघटना

विषय : अपघातानंतर गाडी विम्यातून दुरुस्त करून घेताना वाहनमालकांना येणाऱ्या अडचणी आणि त्यावरच्या आमच्या मागण्या

महोदय,

थायलंडमध्ये राहणाऱ्या आणि इथल्या रस्त्यांवर स्वतःची गाडी चालवणाऱ्या मराठी कुटुंबांच्या संघटनेतर्फे हे पत्र आपल्यापुढे ठेवत आहोत. आमचे काही सभासद बँकॉकमध्ये सुखुमवितच्या आसपास राहतात. बरेच जण रयोंग, चोनबुरी आणि आयुथयाच्या कारखान्यांत नोकरी करतात, तर काहींचे संसारच थाई घराण्यांशी जोडलेले आहेत. सभासदांनी आपली गाऱ्हाणी मराठीत मांडली, म्हणून मसुदाही मराठीत झाला. थाई प्रत सोबत जोडली आहे. कामकाजासाठी तीच ग्राह्य धरावी.

इथली जी गोष्ट चांगली आहे ती आधी सांगतो, कारण आमचा आक्षेप नेमका कुठून सुरू होतो ते त्यावरून कळेल. पुण्या-मुंबईत गाडीला धक्का लागला की पहिल्यांदा आवाज चढतो, मग गर्दी जमते आणि चूक कोणाची हे ती गर्दीच ठरवते. इथे दोन्ही चालक खाली उतरतात, आपापल्या विमा कंपनीला फोन लावतात आणि कडेला सावली बघून थांबतात. थोड्या वेळाने कंपनीचा सर्व्हेअर मोटारसायकलवरून येतो, फोटो काढतो, दोघांचे म्हणणे ऐकतो आणि जागेवरच क्लेमची चिठ्ठी, म्हणजे ‘बाय खलेम’, लिहून देतो. दोन्ही गाड्या पहिल्या वर्गाच्या विम्यातल्या असतील तर कंपन्यांच्या आपसातल्या करारामुळे काम आणखी सोपे होते : चिठ्ठ्यांची अदलाबदल करायची, रस्ता मोकळा करायचा आणि ज्याची त्याची कंपनी ज्याची त्याची गाडी दुरुस्त करते. ही पद्धत आम्हाला मनापासून आवडते. आमच्या देशातही ती असती तर किती भांडणे टळली असती, असे आम्ही एकमेकांत नेहमी बोलतो.

अडचण सुरू होते ती सर्व्हेअरची मोटारसायकल दिसेनाशी झाल्यावर. तिथून पुढे गाडी गॅरेजच्या आवारात जाते आणि मालकाला काही कळेनासे होते. दुरुस्तीला मंजुरी केव्हा मिळणार, कोणता भाग नवा बसणार आणि कोणता ठोकून-रंगवून परत लावणार, गाडी नसलेल्या दिवसांचे पैसे मिळणार की नाही, यातले काहीही कोणी आपणहून सांगत नाही. थायलंडच्या कायद्याने आणि आपल्या कार्यालयाच्या आदेशांनी वाहनमालकाला पुष्कळ दिले आहे, हे आम्ही मान्य करतो. पण ते मिळते मागणाऱ्याला, तेही पुन्हा पुन्हा मागणाऱ्याला. समोरच्याला अवघड वाटेल असे बोलू नये, एकदा ‘नाही’ म्हटल्यावर पुन्हा विचारू नये, हा इथल्या समाजातला मोठा गुण आहे. त्याच गुणाचा तोटा विम्याच्या खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाला सोसावा लागतो. आमच्या थाई शेजाऱ्यांचा आणि सहकाऱ्यांचा अनुभवही याहून वेगळा नाही. थाई वाचता न येणाऱ्या परदेशी माणसाला तर मागायचे काय, हेच ठाऊक नसते. म्हणून आमचा सगळा आग्रह एकाच गोष्टीसाठी आहे : जे देणे कायद्याने लागते ते कंपनीने न मागता, ठरलेल्या तारखेला, लेखी द्यावे. पुढच्या सगळ्या मागण्या यातूनच निघाल्या आहेत.

मागणी पहिली : क्लेमची चिठ्ठी वाचता येईल अशी असावी आणि झाकलेल्या नुकसानीला तिने दार बंद करू नये.

ओन नुत भागातल्या एका सिग्नलवर आमच्या एका सभासदाच्या उभ्या गाडीला मागून पिकअपने धडक दिली. चूक कोणाची, यावर वाद नव्हता. पिकअपच्या चालकाने हात जोडून माफी मागितली. त्याच्या कंपनीच्या सर्व्हेअरने फोटो घेतले, चिठ्ठी भरली आणि जिथे बोट ठेवले तिथे आमच्या सभासदाने सही केली. चिठ्ठी पूर्ण थाईत होती, तारीखही बुद्ध संवतातली. नुकसानीच्या रकान्यात एकच गोष्ट लिहिली होती, मागचा बंपर. गॅरेजमध्ये बंपर उतरवला तेव्हा आतली लोखंडी पट्टी वाकलेली आणि डिकीच्या तळाचा पत्रा दुमडलेला निघाला. डिकीचे झाकण एका बाजूला बोटभर वर राहत होते. मिस्त्रीने फोटो काढून कंपनीला पाठवले. कंपनीचे उत्तर आले की चिठ्ठीत बंपरच आहे, बाकीचे या अपघातातले कशावरून? गाडी उघड्या पाठीने आवारातच उभी राहिली. पावसाचे पाणी डिकीत जाऊ नये म्हणून गॅरेजवाल्याने तिच्यावर प्लास्टिकचा कागद चिकटवला. अखेर त्या मिस्त्रीनेच कंपनीशी वाद घालून मंजुरी मिळवली, कारण आमच्या सभासदाला थाईत वाद घालता येत नव्हता. त्या मिस्त्रीचे उपकार आम्ही मानतो, पण वाहनमालकाचा हक्क एखाद्या मिस्त्रीच्या भलेपणावर अवलंबून राहावा हे योग्य नाही.

म्हणून चिठ्ठीचा नमुना सर्व कंपन्यांसाठी एकच असावा आणि त्यावर थाईबरोबर इंग्रजी मजकूरही छापावा. सही करण्याआधी नुकसानीची यादी आणि चूक कोणाची ठरवली आहे तो रकाना वाहनमालकाला समजावून सांगणे सर्व्हेअरला बंधनकारक असावे. तसेच त्याच धडकेत आतल्या भागांना इजा झाल्याचे गॅरेजमध्ये उघडल्यावर दिसले तर ती याच क्लेमचा भाग मानावी, असे वाक्य चिठ्ठीवर छापलेले असावे. वरून दिसणारा बंपर आतली पट्टी वाकल्याशिवाय इतका आत जात नाही, हे प्रत्येक सर्व्हेअरला माहीत असते. मग ते न लिहिण्याचा तोटा गाडीमालकाने का सोसावा?

मागणी दुसरी : चूक कबूल करण्याचा आग्रह रस्त्यावर होऊ नये.

‘तुम्ही चूक मान्य करा, दोन्ही गाड्या लवकर होतील,’ हे वाक्य आमच्या अनेक सभासदांनी ऐकले आहे. पहिल्या वर्गाची पॉलिसी असली की दुरुस्ती दोघांचीही होते, त्यामुळे ते बोलणे सोयीचे वाटते. पण त्याची किंमत पुढच्या वर्षी कळते. क्लेम नसलेल्या वर्षांची सूट इथे पहिल्या वर्षी २० टक्के, मग ३०, ४० आणि चौथ्या वर्षापासून ५० टक्क्यांपर्यंत चढते. समोरच्याची चूक असेल आणि तो कोण हे माहीत असेल, तर ती सूट टिकते. चूक आपल्या नावावर लिहिली गेली की ती खाली येते. निव्वळ संकोचाने केलेल्या सहीची किंमत अशी वर्षानुवर्षे मोजावी लागते. वाद असेल तर तो त्या भागातल्या पोलीस ठाण्यात तपास अधिकाऱ्यापुढे सोडवण्याचा मार्ग खुला आहे, तसेच गाडीतल्या कॅमेऱ्याचे चित्रण बघून निर्णय घ्यायलाही काही अडचण नाही. कॅमेरा बसवणाऱ्याला हप्त्यात ५ ते १० टक्के सूट देण्याची तरतूद आपल्याच कार्यालयाने केली आहे. मग त्या चित्रणाची प्रत क्लेमच्या फाइलला जोडणे सक्तीचे का नसावे? चूक मान्य केल्यास पुढच्या हप्त्यावर काय परिणाम होईल, हे सर्व्हेअरने सहीआधी सांगावे आणि सांगितल्याची नोंद चिठ्ठीवर असावी, एवढेच आमचे मागणे आहे.

मागणी तिसरी : दुरुस्तीच्या प्रत्येक टप्प्याला तारीख असावी.

साधारण विमा कायद्याच्या, म्हणजे बुद्ध संवत २५३५ च्या (इ.स. १९९२) कायद्याच्या कलम ३६ नुसार कंपन्यांना भरपाई देण्यात चालढकल करता येत नाही. हे कलम आमच्या सर्व मागण्यांचा पाया आहे. पण चालढकल झाली हे सिद्ध करायला कागद लागतो, आणि दुरुस्तीच्या कामात कागदच होत नाही. कंपनी म्हणते, गॅरेजकडून कोटेशन आले नाही. गॅरेज म्हणते, कोटेशन पाठवले पण मंजुरी नाही. मंजुरी आली की सुटा भाग येत नाही, आणि भाग आला तर रंगाच्या खोलीत जागा नाही. प्रत्येकाचे म्हणणे खरे असू शकते. कोणत्याही मोठ्या विमा-गॅरेजच्या आवारात फेरी मारली तर रांगेने उभ्या गाड्यांच्या पुढच्या काचेवर पांढऱ्या पेनाने कंपनीचे नाव, क्लेमचा नंबर आणि गाडी आत आल्याची तारीख लिहिलेली दिसते. म्हणजे गाडी केव्हा आली हे गॅरेजलाही ठाऊक असते आणि कंपनीलाही. ती केव्हा बाहेर जाणार, हे मात्र कुठेच लिहिलेले नसते.

आमची मागणी अशी आहे. गॅरेजचे कोटेशन मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कंपनीने मंजुरी द्यावी किंवा कोणती नोंद का अमान्य केली ते लिहून द्यावे. काम सुरू असताना नवी नुकसानी निघाली तर तिचा निर्णय दोन दिवसांत व्हावा. मंजुरीबरोबर गाडी परत मिळण्याची तारीख वाहनमालकाला त्याच्या फोनवर कळवावी. सुटा भाग वेळेवर मिळत नसेल तर कोणता भाग, कोणाकडे मागवला आणि केव्हा येईल, हे आठवड्यातून एकदा आपणहून कळवावे. तारीख चुकणे आम्ही समजू शकतो. पण अंधारात ठेवणे आम्हाला मान्य नाही. रयोंगच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीला जाणाऱ्या माणसाला गाडी शुक्रवारी मिळणार की पुढच्या महिन्यात, एवढे कळले तरी तो आपली सोय लावू शकतो.

मागणी चौथी : गाडी नसलेल्या दिवसांची भरपाई आपोआप मिळावी.

आमच्या दृष्टीने सगळ्यात मोठा अन्याय इथे आहे. समोरच्या चालकाची चूक असेल तर आपली गाडी दुरुस्तीत असलेल्या दिवसांसाठी त्याच्या विमा कंपनीने पैसे द्यायचे असतात. आपल्या कार्यालयाने त्याचे किमान दर ठरवून दिले आहेत : सात आसनांपर्यंतच्या खासगी गाडीला दिवसाला ५०० बाट, तेवढ्याच आसनांच्या टॅक्सीसारख्या भाड्याच्या गाडीला ७०० बाट आणि सातपेक्षा जास्त आसनांच्या प्रवासी गाडीला १,००० बाट. यापेक्षा कमी देता येत नाही, अशी ही खालची मर्यादा आहे. गाडी महिनाभर अडकली तर खासगी मालकाला किमान १५,००० बाट मिळायला हवेत. मुलांना शाळेत पोचवायला, आजारी आईला इस्पितळात न्यायला रोज भाड्याची गाडी करणाऱ्या घराला ही रक्कम लहान नाही. आणि टॅक्सी हेच ज्याचे पोट आहे, त्याच्याबद्दल वेगळे काही सांगायची गरज नाही.

ही रक्कम आमच्या कुठल्याही सभासदाला कंपनीने आपणहून देऊ केलेली नाही. गाडी ताब्यात घेताना सही करून घेतात, दुरुस्ती ठीक झाली असे लिहून घेतात आणि फाइल बंद करतात. ज्याला माहीत आहे तो अर्ज करतो. त्यासाठी क्लेमची चिठ्ठी, गॅरेजमध्ये गाडी दिल्याचा आणि परत घेतल्याचा कागद, दुरुस्ती चालू असतानाचे फोटो, नोंदणीपुस्तिकेची प्रत, ओळखपत्र किंवा पासपोर्ट, बँकेच्या पासबुकाची प्रत आणि मागणीचे पत्र इतके सगळे जमवावे लागते. त्यानंतर घासाघीस सुरू होते. सुटा भाग यायला लागलेले दिवस धरणार नाही, प्रत्यक्ष हातोडी चालली तेवढेच धरू, असे सांगतात. कधी दर खाली आणतात, कधी दिवस. विषय मिटावा म्हणून बहुतेक लोक मिळेल ते घेतात. आपल्या हक्काच्या रकमेसाठी बाजारात भाजी घेताना करावी तशी घासाघीस करावी लागणे, हे विमा व्यवसायाला शोभत नाही.

आणखी एक गोष्ट. दिवाणी आणि व्यापारी संहितेच्या कलम ४४८ नुसार अशा नुकसानीचा दावा, नुकसान आणि जबाबदार व्यक्ती कळल्यापासून एक वर्षात करावा लागतो. दुरुस्तीतच कित्येक महिने गेले, त्यात हक्काची माहितीच उशिरा मिळाली, तर हातात वेळ फार थोडा उरतो. म्हणून ज्याची चूक नाही त्याच्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूलाच या भरपाईचा अर्ज छापलेला असावा. गॅरेजमध्ये गाडी दिल्याच्या दिवसापासून ती चालवण्याजोगी परत हातात येईपर्यंतचे सर्व दिवस, सुटे भाग यायला लागलेल्या दिवसांसह, मोजावेत. गाडी परत देतानाच किमान दराने होणारी रक्कम कंपनीने वाहनमालकाच्या खात्यात जमा करावी. त्याहून जास्त खर्च झाला असेल तर तो पावत्या दाखवून मागण्याचा हक्क कायम राहावा. दर आणि तारखा कंपनीजवळच असतात. मग हा हिशेब मालकाने पुन्हा का मांडायचा?

मागणी पाचवी : कोणता भाग बसवला, ते लिहून मिळावे.

शोरूममध्ये दुरुस्ती म्हणजे ‘सोम हांग’ आणि कंपनीच्या यादीतल्या गॅरेजमध्ये दुरुस्ती म्हणजे ‘सोम ऊ’, हा फरक पॉलिसी घेतानाच ठरतो, आणि शोरूमचा हप्ता जास्त असतो. त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण गॅरेजमध्ये बसवलेला दिवा मूळ कंपनीचा आहे की बाजारातला पर्यायी, दरवाजा बदलला की तोच ठोकून सरळ केला, हे बिलावर कळायला हवे. मालकाला ते बिल पाहायलाही मिळत नाही, कारण ते कंपनीच्या नावाने निघते. मंजूर कोटेशनची आणि अंतिम बिलाची प्रत मालकाला द्यावी, सुरक्षेशी संबंधित भागांसाठी मूळ कंपनीचेच भाग वापरावेत आणि जुने भाग दाखवल्याशिवाय कंपनीने ते उचलू नयेत. विजेवरच्या गाड्या थायलंडमध्ये गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढल्या आहेत, आणि त्यांच्या बॅटरीसाठी पॉलिसीत वर्षागणिक घटत जाणारे संरक्षण ठेवले आहे. बॅटरीला धक्का लागला असेल तर मालकाच्या खिशातून किती रक्कम जाणार, हे दुरुस्ती सुरू होण्याआधी त्याला सांगितले पाहिजे.

मागणी सहावी : गाडी भंगारात काढताना हिशेब खुला असावा.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या ७० टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण नुकसानीत धरून विम्याची रक्कम देतात आणि गाडी कंपनीकडे जाते. भारतात ही रेषा ७५ टक्क्यांवर आहे, त्यामुळे आमच्या सभासदांना ही कल्पना नवीन नाही. तक्रार एवढीच की खर्च ६९ टक्के झाला की ७१, हे कंपनीच ठरवते आणि मालकाला ते आकडे दिसत नाहीत. त्या एका-दोन टक्क्यांवर कधी मोडकी गाडी दुरुस्त करून माथी मारली जाते, तर कधी चांगली दुरुस्त होण्याजोगी गाडी हातातून जाते. गाडी कर्जावर असेल तर रक्कम आधी कर्ज देणाऱ्या कंपनीकडे जाते. त्यामुळे आपल्या हाती काय उरेल, हे मालकाला निर्णयाच्या आधी कळणे फार गरजेचे आहे. अशा प्रत्येक प्रकरणात खर्चाचा तपशील लेखी द्यावा आणि मालकाची हरकत असल्यास दुसऱ्या, त्रयस्थ गॅरेजचे कोटेशन मागवण्याची सोय असावी.

मागणी सातवी : सक्तीच्या विम्यात गाडीच्या नुकसानीचाही समावेश व्हावा.

नव्याने आलेल्या मराठी माणसाची सगळ्यात मोठी फसगत इथे होते. भारतात सक्तीच्या थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेची भरपाईही असते, खासगी गाडीसाठी साडेसात लाख रुपयांपर्यंत. इथला सक्तीचा विमा, ज्याला सगळे ‘फो रो बो’ म्हणतात, तो फक्त माणसासाठी आहे. चूक कोणाची हे न बघता उपचारासाठी ३०,००० बाटपर्यंत, आणि चूक ठरल्यावर मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाबद्दल ५,००,००० बाटपर्यंत. ही तरतूद उत्तम आहे आणि तिच्यामुळे अनेक कुटुंबे सावरली आहेत. पण तिच्यात गाडीच्या पत्र्याला एक बाटही नाही. धडक देणाऱ्या पिकअपचा किंवा मोटारसायकलचा फक्त हाच विमा असेल, तर आपल्या गाडीचा खर्च त्या माणसाच्या खिशातून वसूल करावा लागतो, आणि तो खिसा बहुधा रिकामा असतो. समोर उभ्या गरीब माणसाशी भांडायला कोणालाच आवडत नाही. मग आपल्याच विम्यातून दुरुस्ती करायची किंवा गप्प घरी जायचे. सक्तीच्या विम्यात दुसऱ्याच्या वाहनासाठी निदान माफक रकमेचे संरक्षण जोडावे, त्यासाठी हप्ता थोडा वाढला तरी आम्ही तो भरू. ही सुधारणा कायदा बदलल्याशिवाय होणार नाही, याची आम्हाला जाणीव आहे. तिची सुरुवात आपल्या कार्यालयाच्या प्रस्तावाने व्हावी, अशी विनंती आहे.

मागणी आठवी : कंपनी बुडाली तरी गाडी अडकू नये.

कोरोनाच्या काळात ‘झाला की पैसे’ स्वरूपाच्या पॉलिसी विकून काही कंपन्या कोसळल्या आणि २०२१-२२ मध्ये चार कंपन्यांचे परवाने रद्द झाले. जुलै २०२४ मध्ये सिन मन खोंग या मोटार विम्यात मोठे नाव असलेल्या कंपनीचाही परवाना रद्द झाला. अशा वेळी ग्राहकांचे दावे साधारण विमा निधीकडे जातात आणि तिथे प्रत्येकाला १० लाख बाटपर्यंतच भरपाई मिळू शकते. मर्यादेपेक्षा आम्हाला जास्त काळजी वेळेची वाटते. कंपनी डळमळू लागली की तिची बिले थकतात, बिले थकली की गॅरेजवाला तिच्या गाड्या घेत नाही, आणि घेतलेल्या गाड्या अर्धवट सोडतो. त्याचाही दोष नाही. त्याला कामगारांचे पगार द्यायचे असतात. म्हणून गॅरेजची बिले कंपनीने किती दिवसांत चुकती करावीत याची मर्यादा ठरवून द्यावी. कोणत्या कंपनीविरुद्ध दुरुस्तीच्या किती तक्रारी आल्या आणि किती सुटल्या, हे आपल्या कार्यालयाने दर तिमाहीला प्रसिद्ध करावे. परवाना रद्द झालाच, तर दुरुस्ती सुरू असलेल्या गाड्यांना निधीतून पहिला क्रम मिळावा.

मागणी नववी, आणि ती आपल्या कार्यालयाकडेच आहे : ११८६ क्रमांकाच्या मदतवाहिनीवर इंग्रजीत पूर्ण तक्रार नोंदवता यावी आणि तिचा नोंदणी क्रमांक लेखी मिळावा. तडजोड केंद्रात जाताना सभासदाला स्वतःचा दुभाषा नेण्याची मुभा असावी. पॉलिसी इथल्या कायद्याने चालते आणि तिचा मूळ मजकूर थाईच राहावा, हे आम्हाला मान्य आहे.

दुसरी बाजूही आम्ही लपवत नाही. जुना ओरखडा नव्या अपघातात मिसळून क्लेम करणारे लोक आहेत, आमच्यातही असतील. ज्या नुकसानीला समोरची गाडी सापडत नाही तिथे १,००० बाटची पहिली रक्कम मालकाने भरावी, हा नियम म्हणूनच आम्हाला रास्त वाटतो. दारूच्या मर्यादेपलीकडे जाऊन गाडी चालवणाऱ्या सभासदाच्या क्लेमसाठी संघटना एक शब्दही टाकणार नाही. नव्याने आलेल्या प्रत्येक कुटुंबाला ‘फो रो बो’ म्हणजे काय, चिठ्ठीत काय बघायचे आणि गाडीत कॅमेरा का बसवायचा, हे समजावण्याचे काम आम्ही आमच्याकडे घेतले आहे. गणेशोत्सवाच्या मंडपात यंदा त्यासाठी एक टेबल असेल. तिथे ठेवायची थाई-मराठी माहितीपत्रिका आपल्या कार्यालयाने तपासून दिली तर आम्ही आभारी राहू.

पहिल्या चार मागण्या आणि सहावी मागणी आपल्या आदेशाने अमलात येऊ शकतात, असे आम्हाला वाटते. त्यांच्यावर आपले लेखी उत्तर साठ दिवसांत मिळावे. सातव्या आणि आठव्या मागणीसाठी प्रत्यक्ष भेटीची वेळ द्यावी. संघटनेतर्फे तीन प्रतिनिधी आणि एक थाई दुभाषा येतील. सभासदांच्या क्लेमच्या चिठ्ठ्या, गॅरेजचे कागद आणि कंपन्यांशी झालेला पत्रव्यवहार नावे झाकून सोबतच्या फाइलमध्ये जोडला आहे. मूळ कागद तपासायचे असल्यास संबंधित सभासदांनी त्यासाठी संमती दिली आहे.

आपले,
अध्यक्ष आणि सचिव,
कार्यकारिणीच्या वतीने
बँकॉक